जावा ८ वर थांबलेल्या प्रकल्पांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
आर्किटेक्ट, डिलिव्हरी मॅनेजर, प्लॅटफॉर्म टीमचे प्रमुख आणि निविदेत ‘जावा ८ किंवा त्यावरील’ असे लिहिणारे अधिकारी

स.न.वि.वि.

जावा ८ मार्च २०१४ मध्ये आली. अनेक यंत्रांवर कंटेनर, म्हणजे ॲप्लिकेशनचे बंदिस्त डबे, चालवणाऱ्या कुबरनेटीसची घोषणा त्याच वर्षी जूनमध्ये झाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या, की प्रॉडक्शनमध्ये रात्री-बेरात्री जे घडते त्यातले बरेचसे उलगडते. जावा ८ घडत होती तेव्हा तिच्यासमोर रॅकमधला अख्खा सर्व्हर होता. सगळी मेमरी तिची, सगळे कोअर तिचे, आणि एकदा सुरू झाली की पुढच्या रिलीजपर्यंत महिनोन्‌महिने चालायची. आज तिलाच आपण एक जीबीच्या पॉडमध्ये, म्हणजे कुबरनेटीसच्या एका छोट्या डब्यात, बसवतो, दिवसातून दहा वेळा बंद-चालू करतो, शेजारी आणखी पंधरा पॉड ठेवतो आणि पॉड मेला की ‘जावा जड आहे’ असा शेरा मारून मोकळे होतो.

हा शेरा आम्हाला मान्य नाही. जावाने गेल्या दहा वर्षांत आपली जुनी गृहीतके एकेक करून बदलली आहेत. तुमच्या प्रकल्पांपर्यंत ते बदल पोहोचलेले नाहीत, कारण आवृत्ती बदलण्याचा निर्णय तुमच्या सहीशिवाय होत नाही आणि ‘चालत्या गाडीला हात नको’ म्हणून ती सही वर्षानुवर्षे लांबते. आमची मागणी एकच आहे. रनटाइमची, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या जावाची, आवृत्ती बदलणे हे दर वर्षीचे ठरलेले देखभालीचे काम करा. त्याला माणसे द्या, दिवस द्या, अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ द्या. हे का गरजेचे आहे, ते कसे करायचे आणि कुठे अडते, ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी मेमरी, कारण सर्वाधिक पॉड तिथेच मरतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. जुन्या जावाला अंथरूण दिसतच नव्हते. कंटेनरची मेमरी-मर्यादा लिनक्सच्या सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटाला किती साधने मिळतील ते ठरवणाऱ्या यंत्रणेत) नोंदलेली असते, पण जावा ८ च्या सुरुवातीच्या अपडेट ती न वाचता अख्ख्या यंत्राची मेमरी वाचत. नोड (पॉड चालवणारे यंत्र) ६४ जीबीचा आणि पॉड एक जीबीचा असेल, तर जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारे इंजिन) हीपची, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीची, कमाल मर्यादा यंत्राच्या एक चतुर्थांश, म्हणजे १६ जीबी धरून चाले. मग पॉडची मर्यादा ओलांडली जाई आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेस मारून टाकी. कंटेनरची मर्यादा वाचणे ही जावा १० मध्ये मूळ वागणूक झाली आणि ८ च्या अपडेट १९१ मध्ये मागे आणली गेली.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असते. पुढचा खड्डा मात्र नजरेतून सुटतो. नव्या लिनक्स वितरणांनी सीग्रुपची दुसरी आवृत्ती स्वीकारली आणि तिची मांडणी वेगळी आहे. जावाला ती १५ पासून कळते; ११ मध्ये ११.०.१६ पासून आणि ८ मध्ये अपडेट ३७२ पासून. म्हणजे ८ च्या अपडेट २५२ वर सुरळीत चालणारी सेवा, प्लॅटफॉर्म टीमने नोडची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली त्या दिवशी पुन्हा आंधळी होते. ॲप्लिकेशन टीमने एक ओळही बदललेली नसते, म्हणून दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसतात. तेव्हा ‘आम्ही जावा ८ वर आहोत’ हे उत्तर अपुरे आहे. तुमच्या सेवांच्या यादीत अपडेट क्रमांकाचा रकाना हवाच. जावा ११ पासून पुढे खात्री करणे सोपे आहे: कंटेनरच्या आत ‘शो सेटिंग्ज’ हा पर्याय ‘सिस्टिम’ या मूल्यासह देऊन जावा चालवली, की जेव्हीएमला किती मेमरी आणि किती सीपीयू दिसतात ते ती स्वतः छापते.

आता एक जीबीच्या, म्हणजे १०२४ एमबीच्या पॉडचा हिशेब करू. काहीच सांगितले नाही तर हीपला २५ टक्के, म्हणजे २५६ एमबी मिळतात आणि बाकीची बरीच मेमरी नुसती पडून राहते. ते पाहून कुणीतरी मॅक्स-रॅम-पर्सेंटेज, म्हणजे हीपला द्यायचा टक्का, ९० करतो. हीप ९२१ एमबीपर्यंत जाऊ शकते आणि उरतात १०३ एमबी. या १०३ मध्ये काय काय मावायला हवे? मेटास्पेस, म्हणजे क्लासची माहिती ठेवायची जागा, जी स्प्रिंग या फ्रेमवर्कवरच्या मध्यम सेवेत १०० ते १५० एमबी सहज घेते आणि जिला मुळात वरची मर्यादाच नसते. जेआयटीने (चालता चालता यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरने) तयार केलेला कोड, ज्यासाठी २४० एमबी पत्ते राखीव असतात आणि प्रत्यक्षात त्यातले काही दशक एमबी भरतात. प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा, स्टॅक, ६४ बिटच्या लिनक्सवर एक एमबी राखीव. भरेल तेवढाच मोजला जातो, पण दोनशे थ्रेडचा मिळून आकडा लहान नसतो. जीसीच्या, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणाऱ्या यंत्रणेच्या, स्वतःच्या नोंदी. नेट्टीसारख्या नेटवर्क लायब्ररीचे डायरेक्ट बफर (हीपबाहेरची मेमरी), ज्यांची मर्यादा वेगळी सांगितली नाही तर कमाल हीपएवढीच धरली जाते. बेरीज अडीचशेच्या पुढे जाते. १०३ च्या जागेत अडीचशे बसत नाहीत.

हीप भरत जाते आणि कधीतरी कर्नल पॉड मारतो. एक्झिट कोड १३७ येतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. लॉगमध्ये आउट-ऑफ-मेमरी एरर नसते, हीप डंप नसतो, शेवटची ओळ नेहमीसारखीच असते. हे पाहून टीम हीप आणखी वाढवते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! इथे हीप कमी करायची असते.

आमचा ठोकताळा असा: एक जीबीच्या पॉडला ५५ ते ६० टक्क्यांपासून सुरुवात करा, दोन ते चार जीबीला ७० ते ७५, आणि ५१२ एमबीच्या खाली स्प्रिंगवरची भरलेली सेवा बसवायचा हट्ट सोडा. मग मोजा. जेव्हीएमची स्वतःची मेमरी-नोंद, नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग, ‘समरी’ पातळीवर चालू करून चाचणीच्या वातावरणात पूर्ण भार द्या आणि जेसीएमडी या साधनाने तपशील काढा. वेग पाच ते दहा टक्क्यांनी घटतो, म्हणून हे प्रॉडक्शनमध्ये कायम चालू ठेवू नका. जेव्हीएमची बेरीज आणि कर्नलला दिसणारी मेमरी यांत मोठी तफावत आली, तर ग्लिबसी या लिनक्सच्या सी-लायब्ररीतल्या मॅलॉकच्या अरीनांवर, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या कप्प्यांवर, संशय घ्या. त्या कोअरच्या आठपटीपर्यंत वाढू शकतात. मॅलॉक-अरीना-मॅक्स हे व्हेरिएबल २ केले की फरक लगेच दिसतो. आउट-ऑफ-मेमरी एरर आल्यावर प्रोसेस बंद पडू देणारा पर्यायही लावा, कारण अर्धमेली जेव्हीएम हेल्थ चेकला ‘ठीक’ म्हणत राहते आणि येणारी प्रत्येक विनंती गिळते.

एक मर्यादा मात्र अजून खुद्द प्लॅटफॉर्मचीच आहे. हीपची कमाल मर्यादा सुरू होतानाच ठरते. चालत्या पॉडची मेमरी कुबरनेटीसने वाढवली तरी हीप तेवढीच राहते. नवी मर्यादा वापरायची तर रीस्टार्ट लागतो. ऑटोस्केलिंगची (भारानुसार आपोआप वाढ-घट करण्याची) आखणी करताना हे धरून चला.

सीपीयूची गोष्ट आणखी फसवी आहे, कारण तिथे काहीच मरत नाही. सेवा फक्त मधूनमधून थबकते. ‘एक सीपीयू’ ही मर्यादा म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत मिळून १०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ. आता १६ कोअरचा नोड आणि मर्यादा न वाचणारी जेव्हीएम घ्या. ती जीसीसाठी १३ थ्रेड उभे करते: पहिल्या आठ कोअरचे आठ, आणि पुढच्या आठांचे पाच-अष्टमांश म्हणून पाच. जीसी सुरू झाली की तेरा जण एकदम धावतात आणि १०० मिलिसेकंदांचा वाटा आठ मिलिसेकंदांच्या आतच संपवतात. उरलेले ९२ मिलिसेकंद कर्नल पूर्ण कंटेनर गोठवतो. ग्राहकाची विनंती हाताळणारे थ्रेडही त्यातच. डॅशबोर्डवरचा सरासरी सीपीयू ३०-४० टक्केच दिसतो, म्हणून शंका येत नाही आणि दोष डेटाबेसवर जातो. सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅट फाइलमधला ‘एनआर-थ्रॉटल्ड’, म्हणजे किती वेळा गोठवले, हा आकडा वाढत असेल तर उत्तर तिथे आहे. हा आकडा प्रत्येक सेवेच्या डॅशबोर्डवर, पी-९९ च्या (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात त्या वेळेच्या) आलेखाखालीच असावा.

नव्या जावात मर्यादा वाचली जाते, तरी दोन गोष्टी हाताने सांगाव्या लागतात. पहिली जीसीची निवड. दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली, की जावा २१ सुद्धा जी-वन ही नेहमीची जीसी सोडून एकाच थ्रेडवर चालणारी सिरियल जीसी निवडते. लॅपटॉपवर चाचणी जी-वनवर झालेली असते आणि प्रॉडक्शनमध्ये सिरियल चालते. लहान हीपसाठी सिरियल वाईट नाही, उलट कधीकधी तीच योग्य; पण कुठली चालते आहे हे माहीत असावे आणि पर्यायात लिहिलेले असावे. दुसरी गोष्ट सीपीयू-रिक्वेस्टची, म्हणजे पॉडसाठी राखून मागितलेल्या सीपीयूची. नुसती रिक्वेस्ट देऊन मर्यादा न लावण्याची पद्धत आता रूढ आहे, आणि थ्रॉटलिंग (वर सांगितलेले गोठणे) टाळण्यासाठी ती चांगलीही आहे. पण १७.०.५ आणि ११.०.१७ पासून जेव्हीएम सीपीयू-शेअर, म्हणजे रिक्वेस्टवरून ठरणारा वाटा, मोजत नाही, त्यामुळे अशा पॉडला नोडचे सगळेच्या सगळे कोअर दिसतात आणि सगळे पूल त्या हिशेबाने फुगतात. तिथे ॲक्टिव्ह-प्रोसेसर-काउंट, म्हणजे किती कोअर धरायचे ते, स्वतः लिहा. उलट टोकाला, एक-दोन कोअर दिसत असतील तर जावा २१ मधले कम्प्लीटेबल-फ्यूचर (मागे चालणारे काम सोपवायचा वर्ग) एक्झिक्युटर (कामे वाटून देणारा थ्रेडचा पूल) न दिल्यास प्रत्येक कामाला नवा थ्रेड काढते. एक्झिक्युटर नेहमी द्या.

हे झाले एका पॉडच्या आतले. वितरित संगणनाचा खरा प्रश्न पॉडच्या बाहेर, तारेवर सुरू होतो.

जावाचे पहिले मोठे स्वप्न होते, की दूरच्या यंत्रावरचे ऑब्जेक्ट जवळच्यासारखेच वापरता यावे. १९९७ मध्ये जेडीके (जावाचा विकास-संच) १.१ सोबत आरएमआय (दूरच्या ऑब्जेक्टची मेथड बोलावण्याची सोय) आले ते त्याच विचाराने, आणि त्यामागोमाग ईजेबी हे सर्व्हरवरचे घटक. गंमत अशी, की जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्याच संशोधन विभागातल्या अभियंत्यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवले होते: दूरचे कॉल आणि जवळचे कॉल एकसारखे मानू नका, विलंब वेगळा असतो आणि अर्धवट बिघाड फक्त दूरच्या कॉलमध्ये होतो. प्लॅटफॉर्मने हे पचवायला वीसहून अधिक वर्षे घेतली, पण पचवले. कोर्बा ही दूरच्या कॉलची जुनी पद्धत जावा ११ मधून काढली. आरएमआय ॲक्टिव्हेशन (दूरचे ऑब्जेक्ट मागणीनुसार सुरू करणे) १७ मधून काढले. परक्या कोडला कुंपण घालण्यासाठी केलेला सिक्युरिटी मॅनेजर २४ मध्ये कायमचा बंद केला, कारण ते कुंपण आता कंटेनर आणि ऑपरेटिंग सिस्टिम घालतात. सिरियलायझेशन, म्हणजे ऑब्जेक्टचे बाइटमध्ये रूपांतर, काढता आले नाही, म्हणून ९ मध्ये त्याला गाळणी लावली. आमच्या मते परिपक्व प्लॅटफॉर्मचे शहाणपण इथे सर्वांत स्पष्ट दिसते. जुनी वचने तशीच ओढत नेली असती, तर नव्या कामाला माणसेच उरली नसती.

तुमच्या कोडमध्ये मात्र ते जुने स्वप्न अजून जिवंत आहे. इंटरफेसवर ॲनोटेशन लावायचे आणि एचटीटीपी कॉल साध्या मेथडसारखा दिसू द्यायचा. वाचणाऱ्याला कळत नाही की या ओळीवर नेटवर्क आहे, म्हणून टाइमआउटही (किती वेळ थांबायचे ती मर्यादा) कुणी लिहीत नाही. जावा ११ पासूनच्या एचटीटीपी क्लायंटला मुळात कनेक्शनचाही टाइमआउट नसतो आणि विनंतीचाही नसतो. जुन्या एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनमध्ये तो शून्य, म्हणजे अमर्याद. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउटही मुळात शून्य. पलीकडचा पॉड नीट बंद न होता नोडसकट गेला, तर इकडचा थ्रेड तासन्‌तास वाट पाहू शकतो, आणि असे दोनशे थ्रेड अडकले की टॉमकॅट या वेब सर्व्हरचा थ्रेडचा मूळ पूल संपला. मरतो एक पॉड, बसतात चार सेवा.

टाइमआउट लिहिताना आतला बाहेरच्यापेक्षा लहान हवा. गेटवेला (बाहेरच्या विनंत्या पहिल्यांदा घेणाऱ्या सेवेला) ३ सेकंद असतील तर पहिल्या सेवेला २, तिच्या पलीकडच्या सेवेला १.२, डेटाबेसच्या क्वेरीला ८०० मिलिसेकंद. आम्हाला बहुतेक ठिकाणी हे उलटे दिसते: गेटवेला ३ आणि आत सगळीकडे लायब्ररीतले मूळचे ३०. ग्राहक केव्हाच निघून गेलेला असतो आणि आतल्या सेवा त्याचे उत्तर तयार करत बसतात. पुनःप्रयत्नांचा गुणाकारही बघा. तीन थरांत प्रत्येकी तीन प्रयत्न ठेवले, तर तळाच्या डेटाबेसवर एका विनंतीचे २७ कॉल पडतात, आणि तेही तो आधीच गुदमरत असताना. पुनःप्रयत्न एकाच थरात ठेवा, दोन प्रयत्नांतले अंतर दुप्पट करत न्या, त्यात थोडा यादृच्छिकपणा घाला, आणि पैशांच्या व्यवहारात विनंतीसोबत एकमेव ओळख-क्रमांक पाठवल्याशिवाय पुनःप्रयत्न चालूच करू नका.

जीआरपीसी, म्हणजे सेवांनी एकमेकींना कॉल करण्याची एक पद्धत, वापरणाऱ्यांसाठी एक नोंद. एचटीटीपी-टूचे कनेक्शन दीर्घकाळ उघडे राहते आणि कुबरनेटीसची क्यूब-प्रॉक्सी भार वाटते ते कनेक्शन जोडताना. म्हणून तीन पॉडचे सहा केले तरी जुनी कनेक्शन जुन्या तिघांवरच राहतात आणि नवे तीन रिकामे बसतात. सर्व्हरच्या बाजूने कनेक्शनचे कमाल वय ठरवा, किंवा क्लायंटच्या बाजूला हेडलेस सर्व्हिस (प्रत्येक पॉडचा पत्ता देणारी) वापरून भारवाटप करा. दुसरा मार्ग धरलात तर जेव्हीएम डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचे, उत्तर मुळात ३० सेकंद जपून ठेवते, आणि सिक्युरिटी मॅनेजर चालू असलेल्या जुन्या प्रणालीत ते कायमचे जपते, हे लक्षात असू द्या.

व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जेव्हीएमने स्वतः सांभाळलेले हलके थ्रेड, हा या दशकातला जावाचा सर्वांत मोठा बदल. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ सोबत ते पक्के झाले. वाट पाहण्यात वेळ जाणाऱ्या सेवांसाठी रिॲक्टिव्ह (कॉलबॅक जोडत जाणाऱ्या) शैलीत कोड उलटापालटा करण्याची गरज त्यांनी संपवली. सरळ, वरून खाली वाचता येणारा कोड लिहा. थ्रेड सॉकेटवर थांबला की जेव्हीएम त्याला खऱ्या थ्रेडवरून उतरवते. भाषेची सवय न मोडता तळ बदलला, हे आम्हाला मनापासून आवडते. स्प्रिंग बूट ३.२ पासून तर एका सेटिंगने ते चालू होतात.

आणि त्या एका सेटिंगनेच सेवा आडव्याही होतात. टॉमकॅटचे दोनशे थ्रेड ही अडचण होती, तसेच नकळत लागलेले एक धरणही होते. ते काढले की पाच हजार विनंत्या एकाच वेळी आत येतात आणि हिकारी या डेटाबेस-कनेक्शनच्या पूलपाशी थांबतात, जिथे मूळ सेटिंगने दहा कनेक्शन आणि ३० सेकंदांची वाट असते. अर्ध्या मिनिटाने एरर एकदम येतात. म्हणून व्हर्च्युअल थ्रेड चालू करताना प्रत्येक बाहेरच्या साधनापाशी सेमाफोर, म्हणजे एका वेळी किती जण आत ते ठरवणारे फाटक, लावा: डेटाबेसला पूलएवढा, प्रत्येक परक्या एपीआयला तिच्या करारातल्या मर्यादेएवढा, आणि परवाना ठरावीक वेळेत मिळाला नाही तर लगेच नकार. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल करू नका. थ्रेड-लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या खासगी जागेत) जड वस्तू ठेवण्याची सवय सोडा. दोनशे थ्रेडना दोनशे प्रती परवडत होत्या, पन्नास हजारांना परवडणार नाहीत. जावा २५ मधल्या स्कोप्ड व्हॅल्यू त्यासाठीच आहेत.

जावा २१ वर आणखी एक सापळा आहे. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकच थ्रेड आत घेणाऱ्या कोडच्या) आत व्हर्च्युअल थ्रेड नेटवर्कची वाट पाहू लागला, तर तो खाली उतरू शकत नाही. खालचा खरा थ्रेडही अडकतो. खरे थ्रेड कोअरएवढेच असतात. दोन सीपीयूच्या पॉडमध्ये असे दोन कॉल एकदम अडकले, की पूर्ण सेवा थांबते, आणि सीपीयू शून्याजवळ दिसतो. जुन्या जेडीबीसी (डेटाबेस-जोडणीच्या) ड्रायव्हरमध्ये आणि घरगुती कॅशेंमध्ये अशी जागा हमखास सापडते. जेव्हीएमच्या फ्लाइट रेकॉर्डर या नोंदवहीतली ‘व्हर्च्युअल थ्रेड पिन्ड’ ही नोंद २० मिलिसेकंदांपुढच्या प्रत्येक अडकण्याचा स्टॅक देते. जावा २४ मध्ये हा दोष दूर झाला. त्यामुळे व्हर्च्युअल थ्रेड मनावर घ्यायचे असतील तर २१ वर न रेंगाळता २५ वर जा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

सुरू व्हायला लागणारा वेळ ही जावाची जुनी दुखरी जागा. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरला चाळीस सेकंद म्हणजे काहीच नव्हते. भार वाढल्यावर उभ्या होणाऱ्या पॉडला ते चालत नाहीत. जावा २४ मध्ये क्लास आधीच लोड आणि लिंक करून कॅशेत ठेवण्याची सोय आली. त्या प्रस्तावातच दिलेल्या मोजमापात स्प्रिंगच्या पेट-क्लिनिक नमुन्याचा सुरुवातीचा वेळ सुमारे ४२ टक्क्यांनी घटला. जावा २५ मध्ये पायऱ्या दोनच राहिल्या: इमेज (कंटेनरचा साचा) तयार करताना एओटी-कॅशे-आउटपुट हा पर्याय देऊन सेवा एकदा चालवून बंद करा, आणि प्रॉडक्शनमध्ये एओटी-कॅशे म्हणून तीच फाइल द्या. अट एवढीच, की दोन्हीकडे जेडीकेची नेमकी तीच आवृत्ती, तेच प्रोसेसर-आर्किटेक्चर आणि जुळणारा क्लासपाथ (क्लास शोधायच्या जागांची यादी) हवा. काही जुळले नाही तर जेव्हीएम फक्त एक इशारा छापून कॅशे सोडते आणि जुन्या वेगाने सुरू होते, म्हणून बिल्डच्या चाचणीत एओटी-मोड ‘ऑन’ ठेवा. मग विसंगती तिथेच फुटते. ग्रालव्हीएमची नेटिव्ह इमेज (आधीच यंत्रभाषेत कंपाइल केलेला प्रोग्रॅम) याहून कितीतरी जलद उठते, पण रिफ्लेक्शनची (चालताना नावावरून क्लास हाताळण्याची) प्रत्येक जागा आधी सांगावी लागते. जुन्या लायब्ररींनी भरलेल्या प्रकल्पात ते काम महिने खाते. नव्या, छोट्या सेवेसाठी ती घ्या, जुन्या मोठ्या सेवेसाठी आधी कॅशे.

बंद होण्याकडेही बघा. इमेजमध्ये जावा शेलमार्फत सुरू केली असेल तर पहिली प्रोसेस शेल असते आणि ती सिगटर्म, म्हणजे बंद होण्याचा संदेश, पुढे देत नाही. तीस सेकंदांनी पॉड जबरदस्तीने मारला जातो आणि अर्धे व्यवहार लटकतात. स्क्रिप्टमध्ये जावाच्या आधी ‘एक्झेक’ लिहा. प्री-स्टॉपमध्ये, म्हणजे बंद होण्याआधीच्या पायरीत, पाच ते दहा सेकंद थांबा, कारण सर्व्हिसच्या यादीतून नाव कमी होणे आणि सिगटर्म येणे या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. लाइव्हनेस प्रोबमध्ये (पॉड जिवंत आहे का ते बघणाऱ्या तपासणीत) डेटाबेस तपासू नका. डेटाबेस दहा सेकंद अडखळला तर सगळे पॉड एकदम रीस्टार्ट होतील.

मराठीत माहिती साठवणाऱ्या प्रणालींसाठी एक वेगळी गोष्ट. कंटेनरमध्ये भाषेचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेले नसले, तर जावा १७ पर्यंत मूळ कॅरॅक्टर सेट आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा, धरला जातो. सातबाऱ्यावरचे नाव फाइलमध्ये लिहिताना प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडते आणि ती माहिती परत मिळत नाही. विकसकाच्या यंत्रावर हे दिसत नाही, कारण तिथे देवनागरीही मावणारी यूटीएफ-८ असते. जावा १८ पासून मूळ सेट सगळीकडे यूटीएफ-८ झाला. फाइलच्या मजकुराचा प्रश्न सुटला; फाइलच्या नावाचा नाही. देवनागरी नावाची फाइल उघडताना अजूनही लँग हे व्हेरिएबल सी-यूटीएफ-८ असावे लागते, नाहीतर पाथ अवैध असल्याची एरर येते. इमेजमध्ये एक ओळ घालायची आहे, आजच घाला.

आता प्रत्यक्ष स्थलांतर. हे फसते ते बहुतेक वेळा सगळे एकदम करायला गेल्यामुळे: जावा ८ वरून २१, स्प्रिंग बूट २ वरून ३, जावाएक्स वरून जकार्ता (पॅकेजच्या नावांचा बदल), आणि सोबत क्लाउड. मग दीड वर्षाचा प्रकल्प होतो आणि मध्येच गुंडाळला जातो. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा फक्त रनटाइम बदला. ८ साठी कंपाइल केलेला तोच जार (तयार प्रोग्रॅमची फाइल) १७ वर चालवा. जेडेप्स हे साधन जेडीकेच्या अंतर्गत एपीआयचा वापर दाखवेल, जेडेप्रस्कॅन काढून टाकलेल्या आणि टाकल्या जाणाऱ्या मेथड दाखवेल. सुरूच होत नसेल तर आधी जुने पर्याय तपासा: सीएमएस जीसी १४ मधून गेली आणि ‘प्रिंट-जीसी-डेट-स्टॅम्प्स’ ९ पासून ओळखलाच जात नाही, एकही अनोळखी पर्याय असला तर जेव्हीएम उठायला नकार देते. जॅक्सबी (एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी) आणि ॲक्टिव्हेशन ११ मध्ये जेडीकेबाहेर गेले, त्यांची डिपेन्डन्सी घाला. १७ अंतर्गत वर्गांवरचे रिफ्लेक्शन अडवते. ‘ॲड-ओपन्स’ या पर्यायाने तात्पुरती वाट मिळते, पण अशा प्रत्येक ओळीशेजारी कोणती लायब्ररी आणि केव्हापर्यंत हे लिहा. लॉम्बॉक, मॉकिटो, बाइट-बडी यांसारखी बाइटकोडशी खेळणारी साधने सर्वांत आधी नवी करा, निम्म्या एरर तिथेच संपतात. टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ आवृत्त्या मुळात बंद असतात. जुन्या भागीदार-प्रणालींशी जोडणी आधी तपासा, हे शेवटच्या आठवड्यात कळले तर तारीख जाते.

हे प्रॉडक्शनमध्ये एक महिना चालू द्या. मग १७ साठी कंपाइल करा. स्प्रिंग बूट २.७ जावा १७ वर व्यवस्थित चालते, त्यामुळे बूट ३ आणि जकार्ताचे नामांतर हे तिसरे, वेगळे काम ठरते. त्यातले बरेचसे ओपन-रीराइट हे साधन यंत्रवत करून देते. बूट ३ ला १७ लागतेच, म्हणून हा क्रम उलटा होऊ शकत नाही. त्यानंतर २५. १७ वरून २५ हा प्रवास ८ वरून १७ च्या मानाने खूपच लहान आहे, आणि नंतर दर दोन वर्षांनी एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती येत राहते. २५ वर पोहोचल्यावर कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट हेडर (प्रत्येक ऑब्जेक्टपुढची लहान केलेली नोंद) एका पर्यायाने चालू होतात. बारा बाइटचे हेडर आठचे होते. लहान ऑब्जेक्टनी भरलेल्या सेवेत हीप एक ओळही न बदलता कमी लागते.

जावा ८ ला सुरक्षा-अपडेट मिळतच नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. टेम्युरिन, कोरेटो अशा मोफत वितरणांकडून त्या मिळतात. ऑरेकलच्या व्यावसायिक वापरासाठीच्या सार्वजनिक अपडेट मात्र जानेवारी २०१९ मध्ये थांबल्या. म्हणून तुमच्या यादीत आवृत्ती आणि अपडेटसोबत वितरक कोण तेही लिहा. परवान्याची नोटीस आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा ते बरे.

निविदा लिहिणाऱ्यांना स्वतंत्र विनंती. ‘जावा ८ किंवा त्यावरील’ या शब्दांवर पुरवठादार ८ च देतो, कारण त्याच्याकडे तयार कोड त्यावरच असतो, आणि पुढची सात वर्षे देखभाल तुमच्या गळ्यात पडते. त्याऐवजी लिहा: प्रणाली सुपूर्द करण्याच्या दिवशी सर्वांत नवी एलटीएस आवृत्ती किंवा तिच्या लगेच आधीची, देखभालीच्या काळात नवी एलटीएस आल्यापासून बारा महिन्यांत तिच्यावर स्थलांतर, त्याचा खर्च देखभालीच्या दरातच, आणि स्वीकृती-चाचणीत पॉड मारून, नोड काढून आणि डेटाबेसला दोन सेकंदांचा विलंब लावून प्रणाली कशी वागते त्याचा लेखी अहवाल. ही चार कलमे निविदेच्या मसुद्यात जशीच्या तशी घेतलीत तरी आमची हरकत नाही.

आणि सुरुवात लहान असू द्या. या तिमाहीत एक सेवा निवडा, शक्यतो मध्यम वापराची, जिचे टेस्ट बरे आहेत आणि जिचे मालक टीममध्ये अजून आहेत. दोन अभियंत्यांना तीन आठवडे द्या, त्या काळात त्यांच्यावर दुसरी तिकिटे टाकू नका. आधीचा आणि नंतरचा पी-९९, थ्रॉटलिंगचा आकडा, सुरू व्हायचा वेळ आणि पॉडची संख्या एकाच पानावर मांडायला सांगा. ते पान पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत समोर ठेवा.

आपले,
जावावर रोज काम करणारे आम्ही काही अभियंते